‘माझे बाबा’ इंग्रजीत ‘दे’ का होतात? इंग्रजी सर्वनामं मुलांना कशी शिकवावीत?

सातपूरची ताई

नमस्कार मंडळी. सातपूरला आमच्या कॉलनीत संध्याकाळी सहावी ते नववीची मुलं माझ्याकडे इंग्रजीला बसतात. बहुतेक मराठी माध्यमाची, थोडी सेमीची. आईवडील एमआयडीसीत कामाला आणि गावाकडे थोडीफार शेती, अशी घरं. सर्वनामाची व्याख्या विचारली की सगळी एका सुरात सांगतात, "नामाऐवजी येणारा शब्द म्हणजे सर्वनाम." वहीत मात्र हे सापडतं :

"माय फादर इज अ फार्मर. दे गो टू द फार्म एव्हरी डे."
"द चेअर इज ब्रोकन. शी इज इन द कॉर्नर."
"रोहन लव्ह्ज हर सिस्टर."
"टुडे इज रेनिंग."

यावर आपण लाल शाईने गोल करतो, वर ‘ही’, ‘इट’, ‘हिज’ लिहून देतो, मुलं ते पाच वेळा उतरवतात आणि पुढच्या निबंधात पुन्हा तेच येतं. मला ठामपणे वाटतं की या मुलांचा निष्काळजीपणा नाही. ती नियम पाळतायत, तेही काटेकोरपणे. फक्त ते नियम मराठीचे आहेत. ‘बाबा शेतकरी आहेत, ते रोज शेतात जातात’ यात ‘ते’ आहे, म्हणून ‘दे’ आलं. खुर्ची ‘ती’, म्हणून ‘शी’ आली. मराठीचा कोणता नियम इंग्रजीत कुठे आड येतो, हे मुलांना उघड करून दाखवलं तर चुका मुळापासून जातील. या दिशेने कुणी शिकवलं असेल किंवा भाषेचा अभ्यास असेल तर सविस्तर लिहा.

निफाडचे गुरुजी

ताई, नेमकी नस पकडलीत. मी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिकवलं. ‘बाबा’ आणि ‘दे’ची चूक मला सगळ्यांत जवळची, कारण तिच्यामागे मुलाचा संस्कार असतो. बाबांना ‘ही’ म्हणताना त्याला अरेतुरे केल्यासारखं वाटतं. मुख्याध्यापकांबद्दल ‘ही’ लिहिताना पोरं खरोखर थबकतात.

वह्या एकदा या नजरेने तपासा. आईबद्दल लिहिताना हेच मूल चुकत नाही. ‘माय मदर इज अ टेलर. शी वर्क्स अ‍ॅट होम.’ अगदी बरोबर. कारण आपल्याकडे बहुतेक घरांत आई ‘ती’ असते. पण शाळेतल्या मॅडम ‘त्या’ असतात, आणि तिथे लगेच ‘मॅडम केम अँड दे सेड’ येतं. आई बरोबर, मॅडम चूक! यावरून ताईंचा मुद्दा पक्का होतो. मुलाला ‘शी’ येत नाही असं नाही, त्याने मराठीतला आदर इंग्रजीत आणला.

म्हणून आधी ती भीती काढावी. इंग्रजी सर्वनाम माणसं मोजतं, मान मोजत नाही. माणूस एक, तर ‘ही’ किंवा ‘शी’. मग तो देशाचा पंतप्रधान असो की शेजारचा पिंट्या. इंग्रजी माणूस आदर दाखवतो तो ‘सर’, ‘मिस्टर’, ‘प्लीज’, ‘वुड यू’ अशा शब्दांनी आणि बोलण्याच्या पद्धतीने. हे एकदा सांगितलं की मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो.

आता गंमत बघा. इंग्रजीतही एके काळी आपल्यासारखंच होतं. एकाला ‘दाऊ’, अनेकांना ‘यू’. पुढे फ्रेंचच्या प्रभावाने मोठ्या माणसाला, तो एकटा असला तरी, ‘यू’ म्हणू लागले. म्हणजे आपलं ‘तुम्ही’च. मग हा ‘तुम्ही’ इतका पसरला की सतराव्या शतकात प्रमाण इंग्रजीतून ‘दाऊ’ जवळजवळ हद्दपार झालं. जुन्या प्रार्थनांमध्ये आणि काही बोलींत उरलं. म्हणूनच समोर एकच माणूस असला तरी ‘यू आर’ म्हणतात, ‘यू इज’ म्हणत नाहीत. ‘एकाला आर कसं?’ असं मुलं विचारतात तेव्हा मी सांगतो, ‘यू’ हे मुळात ‘तुम्ही’ आहे, आणि आपणही एकालाच ‘तुम्ही आहात’ म्हणतो की. हे त्यांना चटकन पटतं.

सिडकोवाली आई

छान चाललंय, पण आमच्या वेळी बाईंनी तक्ता पाठ करून घेतला होता. आय, मी, माय, माइन, मायसेल्फ. ही, हिम, हिज, हिज, हिमसेल्फ. अजून झोपेत उठवलं तरी म्हणेन. एवढं तत्त्वज्ञान सहावीच्या मुलाला हवंय का?

सातपूरची ताई

तक्ता हवाच, माझ्या भिंतीवर पण आहे. पण तक्ता रूपं देतो. कोणतं रूप कधी घ्यायचं ते देत नाही. ज्या मुलीने खुर्चीला ‘शी’ लिहिलं तिला ‘शी, हर, हर, हर्स, हरसेल्फ’ घडाघडा येतं.

गंगापूर रोड वाचक

भाषाविज्ञान शिकतोय, म्हणून थोडं मुळाशी जातो. ती व्याख्याच अपुरी आहे.

‘सर्वनाम नामाऐवजी येतं’ हे शब्दशः घेऊन बघा. ‘द स्वीट ग्रेप्स फ्रॉम दिंडोरी आर एक्स्पेन्सिव्ह.’ यात नाम आहे ‘ग्रेप्स’. त्याच्या जागी ‘दे’ ठेवा : ‘द स्वीट दे फ्रॉम दिंडोरी आर एक्स्पेन्सिव्ह.’ हे इंग्रजी नाही. ‘दे’ आलं की ‘द’, ‘स्वीट’, ‘फ्रॉम दिंडोरी’ सगळंच जातं आणि उरतं ‘दे आर एक्स्पेन्सिव्ह’. म्हणजे सर्वनाम एकट्या नामाची जागा घेत नाही, नामाभोवती गोळा झालेल्या सगळ्या शब्दांसकट अख्ख्या पदबंधाची घेतं. ‘माय एल्डर सिस्टर हू वर्क्स इन ओझर’ एवढ्या लांबलचक गोष्टीऐवजी एक ‘शी’.

फक्त नाम काढून त्याजागी ठेवता येईल असा शब्दही इंग्रजीत आहे : ‘वन’. ‘नॉट द ग्रीन बॅग, द रेड वन.’ इथे ‘द’ आणि ‘रेड’ शाबूत राहिले, फक्त ‘बॅग’ गेली. मराठी मुलांना हा ‘वन’ सुचत नाही, कारण आपल्याला तो लागतच नाही. आपण म्हणतो ‘हिरवी नको, लाल दे’, ‘मोठा नको, छोटा दे’. ‘मोठा’च्या शेवटच्या ‘आ’वरूनच कळतं की पुल्लिंगी एकवचनी काहीतरी आहे. ‘बिग’ला असं काही चिकटत नाही, म्हणून पाठीशी ‘वन’ उभा करावा लागतो. ‘गिव्ह मी बिग’ हे वाक्य तिथून येतं.

आणखी एक. ‘आय’ आणि ‘यू’ कशाच्याच ऐवजी येत नाहीत. रोहन ‘मला भूक लागली’ म्हणतो तेव्हा तो ‘रोहनला भूक लागली’ची बदली करत नसतो. बोलणारा तो ‘आय’, ऐकणारा तो ‘यू’. बोलणारा बदलला की तेच शब्द दुसऱ्या माणसाकडे बोट दाखवतात. बदलीचं काम खऱ्या अर्थाने तृतीय पुरुषात होतं : ही, शी, इट, दे. गोंधळही तिथेच होतो.

पंचवटीकर

मग ‘इट इज रेनिंग’ मधलं ‘इट’ कशाची बदली करतं? आभाळाची? देवाची? शाळेत असल्यापासून हा प्रश्न आहे आणि एकाही शिक्षकाने उत्तर दिलेलं नाही.

गंगापूर रोड वाचक

कशाचीच नाही. इंग्रजीत साध्या विधानाला कर्ता लागतो, नसेल तर जागा भरायला ‘इट’ बसवतात. ‘इट इज लेट’, ‘इट इज हॉट’, ‘इट इज फाइव्ह ओ क्लॉक’ सगळं त्यातलंच.

मराठीला ही सक्ती का नाही ते क्रियापदात बघा. मी नुसतं ‘गेली’ म्हटलं तरी तुम्हाला कळतं : स्त्रीलिंगी, एकवचनी, तृतीय पुरुष, काम उरकलेलं. ‘गेलीस’ म्हटलं तर समोरची. ‘गेलो’ म्हटलं तर मी किंवा आम्ही. एवढी माहिती क्रियापदच सांगतं, म्हणून आपण सर्वनाम बिनधास्त गाळतो. ‘काल आला होता, चहा पिऊन गेला’ हे पूर्ण वाक्य आहे. इंग्रजी ‘वेंट’ मात्र मुकं. आय वेंट, यू वेंट, शी वेंट, दे वेंट, सगळ्यांना तोच. क्रियापद सांगत नाही ते सर्वनामाला सांगावं लागतं, म्हणून ते गाळता येत नाही. ‘टुडे इज रेनिंग’ लिहिणाऱ्या मुलाला हे कारण सांगून बघा.

सातपूरची ताई

वाचक दादा, ‘वेंट’ मुकं आहे हे काल मुलांना दाखवलं. फळ्यावर एका बाजूला ‘गेलो, गेलीस, गेला, गेली, गेले’ आणि दुसऱ्या बाजूला एकच ‘वेंट’. मग विचारलं, "फक्त ‘वेंट’ लिहिलं तर कोण गेलं ते कळेल का?" आठवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, म्हणजे गेलीतली ‘ई’ इंग्रजीत पुढे येऊन ‘शी’ झाली." मी थक्क झाले. इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

पण लिंगाचा प्रश्न उरलाच. टेबल, खुर्ची, दरवाजा, खिडकी यांचं काय?

निफाडचे गुरुजी

मराठीत लिंग शब्दाला असतं, इंग्रजीत ते जिवाला असतं. खुर्चीत बाईपण काही नाही, पण ‘खुर्ची’ शब्द स्त्रीलिंगी. इंग्रजीत माणूस पुरुष असेल तर ‘ही’, स्त्री असेल तर ‘शी’, बाकी सगळं ‘इट’. पाळलेल्या कुत्र्यामांजरांना घरचे ‘ही’, ‘शी’ म्हणतात, ते मायेपोटी.

उलटा घोटाळाही होतो. आपण ‘लेकरू रडतंय, त्याला भूक लागली’ म्हणतो. लेकरू, मूल, पोरगं सगळी नपुंसकलिंगी. म्हणून ‘द चाइल्ड इज क्राइंग, इट इज हंग्री’ येतं. तान्ह्या बाळाला इंग्रजीत ‘इट’ चालून जातं, पण शाळेत जाणाऱ्या मुलाला नाही.

नदीबद्दल पोरं हमखास विचारतात. आपण गोदामाय म्हणतो, गंगेवर जाऊन येतो म्हणतो. तिला ‘इट’ कसं म्हणायचं? कवितेत ‘शी’ लिहा, खुशाल. भूगोलाच्या उत्तरात ‘द गोदावरी राइजेस निअर त्र्यंबकेश्वर. इट फ्लोज थ्रू नाशिक’ असंच.

अंबड क्यूसी

मी शिक्षक नाही, अंबडला कारखान्यात क्वालिटीत आहे. हा विषय आमच्याकडे रोज येतो म्हणून लिहितो. शिफ्ट बदलताना रजिस्टरला इंग्रजीत नोंद करतात. एकदा नोंद होती : ‘पंप इज कनेक्टेड टू मोटर. इट इज ओव्हरहीटिंग.’ आता तापतंय काय, पंप की मोटर? पुढच्या शिफ्टने आधी पंप उघडला. तापत होती मोटर.

लिहिणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, मी मोटरबद्दलच लिहिलं होतं." तो मनात मराठीत विचार करत होता : ‘पंप मोटरला जोडलाय, ती तापतेय.’ मराठीत ‘ती’ म्हटलं की मोटरच, पंप असता तर ‘तो तापतोय’ झालं असतं. इंग्रजीत दोन्ही ‘इट’, आणि अर्थ गळून पडला. तेव्हापासून आमच्या टीमला सांगून ठेवलंय की एका नोंदीत दोन वस्तू असतील तर ‘इट’ लिहायचंच नाही. ‘द मोटर इज ओव्हरहीटिंग.’ नाव पुन्हा लिहिल्याने काही बिघडत नाही.

गंगापूर रोड वाचक

क्यूसी दादा, तुमचं उदाहरण मी वर्गात वापरणार आहे, परवानगी द्या. निर्जीव वस्तूंनाही लिंग देण्याचा फायदा काय, याचं इतकं चांगलं उत्तर मला पुस्तकात मिळालं नव्हतं.

माणसांच्या बाबतीत असाच गोंधळ : ‘सुनीता टोल्ड मीना दॅट शी हॅड पास्ड.’ पास कोण झालं? इंग्रजी वाक्य यावर गप्प आहे. मराठीत ही वेळच येत नाही. आपण ‘की’ घालतो आणि बोलणारीचे शब्द जसेच्या तसे ठेवतो : ‘सुनीताने मीनाला सांगितलं की तू पास झालीस’, किंवा ‘की मी पास झाले’. नववी-दहावीला डायरेक्ट-इनडायरेक्ट जड जातं त्याचं मूळ इथे आहे. मराठीत ‘की’नंतर ‘मी’ हा ‘मी’च राहू शकतो, इंग्रजीत ‘दॅट’नंतर तो ‘ही’ नाहीतर ‘शी’ होतो.

सिडकोवाली आई

त्याला क्लासमध्ये ‘एसओएन १२३’ (सब्जेक्ट, ऑब्जेक्ट, नो चेंज) शिकवतात! माझ्या मुलाला येतं ते.

निफाडचे गुरुजी

हो, जुनी युक्ती आहे आणि चालते. पहिला पुरुष सांगणाऱ्याप्रमाणे बदलतो, दुसरा पुरुष ऐकणाऱ्याप्रमाणे, तिसऱ्याला हात लावायचा नाही. ‘ही सेड टू मी, आय विल लेंड यू माय बुक.’ यातले ‘आय’ आणि ‘माय’ सांगणाऱ्याचे, म्हणून ‘ही’ आणि ‘हिज’. ‘यू’ ऐकणाऱ्याचा, म्हणून ‘मी’. झालं : ‘ही टोल्ड मी दॅट ही वुड लेंड मी हिज बुक.’ पण सूत्र देण्याआधी मुलाला विचारा, पुस्तक कुणाचं, देणार कोण, घेणार कोण. हे ज्याला सांगता येतं त्याला सूत्राची गरज कमी पडते.

सातपूरची ताई

‘रोहन लव्ह्ज हर सिस्टर’ अजून बाकी आहे.

गंगापूर रोड वाचक

मराठीचं ‘त्याची’ दोन्हीकडे बघतं. पुढचा ‘त्या’ मालक पुरुष असल्याचं सांगतो, शेवटची ‘ची’ बहीण स्त्री असल्याचं सांगते. इंग्रजी फक्त मालकाकडे बघतं. मुलाच्या कानात ‘ची’ घुमते आणि हातून ‘हर’ लिहिलं जातं. तसंच ‘तिचा भाऊ’चं ‘हिज ब्रदर’ होतं. मुलांना सांगा, शेवटचं अक्षर बोटाने झाका. ‘त्या’ दिसला तर ‘हिज’, ‘ति’ दिसली तर ‘हर’. ‘त्यांचा’ दिसलं की मात्र थांबायचं आणि गुरुजींचा नियम लावायचा : माणूस एक की अनेक?

इथेही मराठी एक पाऊल पुढे आहे. ‘रमेशने आपली सायकल विकली’ आणि ‘रमेशने त्याची सायकल विकली’. पहिल्यात सायकल रमेशचीच, दुसऱ्यात आणखी कुणाची असू शकते. इंग्रजीत दोन्हीला ‘हिज बायसिकल’. खुलासा हवा तर ‘हिज ओन’ म्हणावं लागतं.

पंचवटीकर

आणि ‘आपण’! ‘आम्ही सिनेमाला चाललो’ म्हटलं तर तुम्ही घरी थांबा, ‘आपण सिनेमाला चाललोय’ म्हटलं तर चपला घाला. इंग्रजीत दोन्हीला ‘वी’. बिचाऱ्या समोरच्याने काय समजायचं?

कॉलेज रोडवरून

मी एचआरमध्ये आहे. बाबा ‘दे’ नाहीत हे पटलं. पण आजकाल मेलच्या सहीखाली काही जण स्वतः एकटे असूनही स्वतःचं सर्वनाम म्हणून ‘दे, देम’ लिहितात. मेरियम वेबस्टर शब्दकोशाने २०१९ साली ‘दे’ला वर्षाचा शब्द ठरवलं ते याच अर्थासाठी. मग एका माणसाला ‘दे’ बरोबर की चूक? मुलांनी हे दाखवलं तर ताई काय सांगणार?

गंगापूर रोड वाचक

बरोबर आहे, पण कारण वेगळं आहे. एका व्यक्तीसाठी ‘दे’ इंग्रजीत चौदाव्या शतकापासून सापडतं. मुख्यतः माणूस कोण ते माहीत नसतं तेव्हा : ‘समवन हॅज लेफ्ट देअर अंब्रेला.’ छत्री विसरणारा बाई की पुरुष ते ठाऊक नाही, म्हणून ‘देअर’. अलीकडे ज्या व्यक्ती स्वतःला स्त्री किंवा पुरुष या चौकटीत मानत नाहीत, त्या स्वतःसाठी ‘दे’ निवडतात. कुणी तसं सांगितलं असेल तर तसंच म्हणावं, त्या व्यक्तीला तेवढा मान द्यायलाच हवा. पण यातलं काहीही वडीलधारेपणासाठी नाही. ज्या बाबांना आपण पुरुष म्हणून ओळखतो त्यांना ‘ही’च.

बाय द वे, ‘दे’ हे सर्वनाम इंग्रजीचं मूळचं नाहीच. उत्तर इंग्लंडात स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून ते आलं. सर्वनामं भाषा सहसा उसनी घेत नाही, इंग्रजीने घेतली.

सिडकोवाली आई

एक छोटी शंका. मुलाखतीत ‘मायसेल्फ अमुक अमुक’ म्हणतात ते चालतं का?

निफाडचे गुरुजी

नाही. ‘मायसेल्फ’ला त्याच वाक्यात आधी ‘आय’ लागतो. ‘आय हर्ट मायसेल्फ.’ ओळख करून देताना सरळ ‘आय अ‍ॅम’ म्हणावं. आणि ‘बिटवीन यू अँड आय’ हेही नको, ‘बिटवीन यू अँड मी’. आपली मुलं इथे फारशी चुकत नाहीत, कारण मराठीत ‘मीबरोबर’ होत नाही, ‘माझ्याबरोबर’च होतं. रूप बदलायची सवय त्यांना जन्मापासून आहे.

सातपूरची ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. वरच्या चर्चेवरून एक उतारा तयार केलाय, शनिवारी मुलांना देणार आहे. रिकाम्या जागा भरून बघा आणि काही खटकलं तर सांगा.

"माय ग्रँडफादर लिव्ह्ज इन दिंडोरी. ___ हॅज अ व्हिनयार्ड. ___ इज नॉट व्हेरी बिग. द ग्रेप्स आर स्वीट अँड वी सेल ___ इन फेब्रुवारी. माय आँट हेल्प्स ___. ___ कीप्स द अकाउंट्स. समवन हॅज लेफ्ट ___ अंब्रेला अंडर द वाइन्स."

अंबड क्यूसी

ही, इट, देम, हिम, शी, देअर. पण चौथ्या जागी ‘अस’ही बसतं ना? ‘वी सेल’ आधी आलंय.

सातपूरची ताई

बसतं, आणि दोन्हीला पूर्ण गुण. ‘हिम’ लिहिलं तर मुलाने मदत आजोबांना धरली, ‘अस’ लिहिलं तर साऱ्या घराला. ‘देम’ लिहिलं मात्र तर त्याला विचारीन, आत्या द्राक्षांना मदत करते का?